सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी : खान्देशचा डोंगर, उजाड आणि बझाडा



विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, ‘सर, तुमचा विषय तत्त्वज्ञान. तुम्ही दगडमातीवर काय बोलणार?’ प्रश्न रास्त आहे. पण इमॅन्युएल कांट हा तत्त्ववेत्ता चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना प्राकृतिक भूगोल शिकवत होता, आणि स्वतः मात्र पूर्व प्रशियाच्या बाहेर कधी पडला नाही. आपण निदान सातपुडा रोज पाहतो. आज मी तुमच्यासमोर नवं संशोधन मांडणार नाही. जे भूवैज्ञानिकांनी शोधलं आहे ते नीट समजून घ्यायचं, आणि त्यावरून आपल्याला काय करायला हवं ते पाहायचं, एवढंच.

सुरुवात न्यायदर्शनापासून करतो, कारण पुढच्या सगळ्या बोलण्याला ते साधन लागणार आहे. नैयायिकांनी अनुमानाचा एक प्रकार सांगितला : शेषवत्, म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणं. त्याचं उदाहरणच नदीचं आहे. नदीला पूर दिसला, की वर कुठेतरी पाऊस झाला असं आपण म्हणतो. त्यावर आक्षेप घेणारा म्हणतो, पाणी खाली अडवल्यामुळेही नदी भरलेली दिसेल, मग तुमचं अनुमान खोटं. आपल्याला हे लांब जाऊन पाहायला नको. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर पाणी चढलेलं दिसतं, ते पावसाचं असेलच असं नाही. खाली हतनूरच्या धरणाचा फुगवटा असतो. यावर नैयायिकाचं उत्तर फार सुंदर आहे. तो म्हणतो, मी नुसत्या भरलेल्या नदीवरून अनुमान केलेलंच नाही. पाण्याचा वेग, फेस, वाहत आलेला पाला, काटक्या, लाकडं हे सगळं पाहून मी पावसाचं अनुमान केलं. म्हणजे मोघम पाहायचं नाही, खुणा पाहायच्या. भूविज्ञान म्हणजे दुसरं काय? दगडाच्या खुणांवरून वर काय घडलं, आधी काय घडलं, ते ओळखायचं.

काळ्या पायऱ्यांचा देश

आता खुणा पाहू. अजिंठ्याचा डोंगर असो की सातपुडा, लांबून पाहिलं तर एक गोष्ट डोळ्यात भरते : डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा आहे. एक उभा कडा, मग सपाट पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. युरोपातल्या भूवैज्ञानिकांनी अशा खडकाला ‘ट्रॅप’ म्हटलं, ते पायरी या अर्थाच्या तिकडच्या शब्दावरून. दक्खनचा ट्रॅप तो हाच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. जपानच्या फुजीसारखा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी डोळ्यांसमोर आणू नका. भेगेतून पातळ रस पसरावा तसा तो पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा दुसरा थर आला. असे कितीतरी थर साचले. आज झीज होऊन उरलेलं क्षेत्रसुद्धा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे.

प्रत्येक थराचा खालचा-मधला भाग घट्ट काळा दगड, म्हणून त्याचा कडा होतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र, तो लवकर झिजतो, म्हणून तिथे पट्टी होते. या पोकळ्यांत पुढे पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक वाढले. आपले विहीर खणणारे अशा ठिपक्याठिपक्यांच्या दगडाला मांजऱ्या म्हणतात. याच पोकळ्यांतले ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट यांचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसले आहेत, आणि त्यांच्याखालच्या चिठ्ठीवर ‘जळगाव’ लिहिलेलं असतं. दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. तिथे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खडक कुजला, भाजला, त्याची ती खूण आहे. म्हणजे मधे उसंत होती. पुस्तकाच्या दोन प्रकरणांमध्ये कोरं पान असावं तसं.

धुळे-नंदुरबारकडे गेलं की आणखी एक नवल. माळरानावरून सरळ रेषेत एक काळी भिंत निघते आणि मैलोन् मैल चालते. कोणी बांधली म्हणावं तर कोणी नाही. ज्या भेगांतून लाव्हा वर येत होता, त्या भेगांतच शेवटी थोडा रस गोठून राहिला. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि गोठलेला भाग भिंतीसारखा उभा राहिला. भूवैज्ञानिक त्याला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबार पट्ट्यात अशा दोनशेहून अधिक भिंतींची नोंद झाली आहे. सर्वांत लांब सुमारे ७९ किलोमीटर. बहुतेकींची दिशा पूर्व-पश्चिम. ही दिशा लक्षात ठेवा. जमीन कोणत्या बाजूंनी ताणली जात होती, हे ती दिशा सांगते. कापड उत्तर-दक्षिण ओढलं तर फाटतं पूर्व-पश्चिम.

नदी उलटी का वाहते

महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं, की गोदावरी, भीमा, कृष्णा पूर्वेला जातात. मग तापी पश्चिमेला का? मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. तिची मोठी बहीण नर्मदाही तशीच. त्या दोघींच्या मधे सातपुडा.

उत्तर पुन्हा त्याच ताणात आहे. या पट्ट्यात जमिनीला पूर्व-पश्चिम मोठे तडे आहेत. तड्यांच्या आधारे मधला सातपुड्याचा पट्टा उचलला गेला आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या खचल्या. खचलेल्या त्या खोलगट भागातून नद्यांना वाट मिळाली. सातपुड्याच्या पायथ्याची रेषा नकाशावर पाहा, पट्टीने ओढावी इतकी सरळ आहे. नुसत्या झिजेने डोंगराचा पायथा इतका सरळ सहसा होत नाही. ही झाली एक खूण. दुसरी खूण पायथ्याचे गरम पाण्याचे झरे : अडावदजवळचं उनपदेव, आणि सुनपदेव, नाझरदेव. लोककथा सांगते, की शरभंग ऋषींच्या व्याधीसाठी रामाने बाण मारून ऊन पाणी काढलं. भूविज्ञान सांगतं, की खोल गेलेलं पावसाचं पाणी तापून तड्याच्या वाटेने वर येतं. दोन्ही सांगण्यांत एक गोष्ट समान आहे : जमिनीला भेद आहे. तिसरी खूण म्हणजे भूकंप. १४ मार्च १९३८ रोजी सातपुडा परिसरात सहाच्या वरच्या तीव्रतेचा भूकंप झाला. म्हणजे हा तडा पूर्ण निजलेला नाही.

नैयायिकाला अशा तीन खुणा एकत्र मिळाल्या असत्या, तर तो खूश झाला असता.

वाळवंटाचा शब्द आपल्या शेतात

आता मुख्य मुद्द्यावर येतो. जमीन खचली तर खड्डा पडतो, आणि खड्डा भरतोच. सातपुड्यावरून सुकी, मोर, भोकर आणि त्यांच्यासारखे शेकडो नाले खाली येतात. वर उतार तीव्र, पाण्याला जोर. ते धोंडे, गोटे, रेती सगळं घेऊन सुटतं. पायथ्याशी आल्यावर उतार एकदम कमी होतो. हातातलं ओझं आधी कोणतं टाकतो आपण? जड. तसं पाणी आधी धोंडे टाकतं, मग गोटे, मग रेती, आणि सर्वांत बारीक गाळ पार तापीपर्यंत नेतं. प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी पंख्यासारखा ढीग तयार होतो. असे शेजारशेजारचे पंखे एकमेकांत मिसळले, की पायथ्याला सलग उतरता पट्टा बनतो. त्याला म्हणतात बझाडा.

हा शब्द स्पॅनिश आहे, अर्थ ‘उतरण’. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात वाळवंटं आणि डोंगर शेजारी-शेजारी आहेत, तिथल्या भूरूपासाठी तो रूढ झाला. आणि आज रावेर-यावलचा केळीवाला शेतकरी ‘आमचं शेत बझाड्यात येतं’ असं सहज म्हणतो. मला या शब्दाचा प्रवास फार बोलका वाटतो. हिमालयाच्या पायथ्याला अशाच पट्ट्याला भाबर म्हणतात. तिथेही नद्या गोट्यांत गडप होतात आणि खाली तराईत पुन्हा वर येतात.

कोणी म्हणेल, आपलं खान्देश काय वाळवंट आहे? नाही. जळगावकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, धुळ्याच्या बाजूला त्याहून कमी. पण सह्याद्रीने बरंचसं पाणी आधीच काढून घेतलेलं, जो पाऊस येतो तो चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत. आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर. म्हणजे आपण वाळवंटाच्या वेशीवर राहतो. पूर्वी तर याहून कोरडं होतं. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. तिथे शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली, त्यांतल्या एका तुकड्यावर तर रेघांची नक्षी कोरलेली. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. शहामृग हा कोरड्या, मोकळ्या गवताळ प्रदेशातला पक्षी. अंड्याच्या कवचावरून हवामानाचं अनुमान, हेही शेषवत्च.

त्या कोरड्या-ओल्या काळांचा हिशेब तापीकाठच्या दरडीत दिसतो. भुसावळ-मुक्ताईनगरकडे नदीकाठी पिवळट मातीच्या घळीच घळी आहेत. उंच सुळके, अरुंद बोळ, मधूनच गोट्यांचा थर, मधे चुनखडीच्या गाठी. संध्याकाळच्या उन्हात ते दृश्य खरोखर रमणीय दिसतं. पण ती रमणीयता म्हणजे मातीची जखम आहे हेही खरं. उघड्या मातीवर पावसाचं पाणी भेगांतून आत शिरतं, आतून पोखरतं, वरचं छत कोसळतं आणि घळ एक पाऊल शेताकडे सरकते. सुंदर दिसतं ते सगळं सुखाचं असतंच असं नाही.

नदी सुकी, पण पाणी कुठे?

सुकी नदीचं नाव घेतलं. ते नाव कसं पडलं ते मी सांगत नाही, पण ते शोभतं. पावसाळ्यात डोंगरातून खळाळत आलेलं पाणी बझाड्यात शिरलं की काही किलोमीटरांत दिसेनासं होतं. पाहणाऱ्याला वाटतं नदी आटली. खरं तर ती खाली उतरली. गोट्यांच्या फटींतून पाणी खोल जातं आणि जमिनीखालच्या रेतीच्या थरांतून हळूहळू दक्षिणेकडे, तापीकडे सरकतं.

इथे तापीच्या दोन काठांतला फरक समजून घ्या. दक्षिणेला जामनेर, पाचोरा, चाळीसगावकडे माती थोडी, खाली लगेच काळा दगड. तिथलं पाणी दगडाच्या भेगांत, मांजऱ्यात. कमी साठा, पण एखाद्या चांगल्या पावसात विहीर पुन्हा भरते. उत्तरेला रावेर, यावल, चोपडा इथे शंभर मीटरच्या खूप खाली गेलं तरी गाळ-रेती-गोटेच. कारण खचलेला खड्डा उत्तरेच्या बाजूला जास्त खोल आहे. म्हणजे दक्षिण काठाकडे खिशात चिल्लर आहे आणि उत्तर काठाकडे पिढ्यान् पिढ्यांची तिजोरी. ठिबकाखालची केळी, जिच्यामुळे जळगाव देशभर ओळखलं जातं, ती या तिजोरीवर उभी आहे.

पण या तिजोरीचं दार कुठे आहे? हा कळीचा प्रश्न आहे. पायथ्यापासून दक्षिणेकडे जावं तसे गोटे संपतात आणि चिकण मातीचे थर सुरू होतात. चिकणमातीतून पाणी खाली उतरत नाही म्हणण्याइतकं हळू उतरतं. म्हणून सावदा-फैजपूरच्या शेतात पडलेला पाऊस खोल रेतीच्या थरांपर्यंत फारसा पोचत नाही. तिथल्या ट्यूबवेलमधून जे खोलवरचं पाणी येतं, ते मुख्यतः वर पायथ्याच्या अरुंद पट्ट्यात मुरलेलं पाणी आहे. दार वर, उपसा खाली. आणि मुरायला लागतो तो काळ, उपसायला लागतं ते बटण.

गेल्या पन्नास वर्षांत मोटा गेल्या, विहिरी गेल्या, ट्यूबवेल आल्या. पाचशे फूट, सातशे फूट, आणखी खाली. भूजल सर्वेक्षणात रावेर आणि यावल तालुके अतिशोषित ठरले, म्हणजे वर्षाला जेवढं मुरतं त्याहून जास्त उपसलं जातं. घरात हे आपण कशाला म्हणतो? मुद्दल खाणं.

उपाय म्हणून तापी महापुनर्भरण योजनेची चर्चा अनेक वर्षं चालली होती. तापीचं पुराचं पाणी कालव्यांनी बझाडा पट्ट्यात आणून सोडायचं, ही तिची कल्पना. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तिच्यासाठी करार झाला. भूविज्ञानाच्या दृष्टीने कल्पनेचा गाभा बरोबर आहे : पाणी जिथे दार आहे तिथेच न्यायचं. पण एक धोका सगळ्यांनी समजून घ्यायला हवा. गोट्यांच्या पट्ट्यात गढूळ पाणी साठवलं, तर त्यातला बारीक गाळ फटी बुजवतो. चार-पाच पावसाळ्यांत तळाला साय धरावी तसा थर बसतो आणि पाणी वर नुसतं साचून राहतं, वाफ होऊन जातं. छोट्या पाझर तलावांचंही तेच होतं. पाणी अडवणं आणि पाणी जिरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तळाचा गाळ वेळेवर काढला नाही तर बंधारा उभा राहतो आणि त्याचं काम मात्र थांबतं.

आणि गढूळपणा येतो कुठून? वरून. सातपुड्याचे उतार झाडीने झाकलेले असतील तर पाणी निवळ येतं आणि सावकाश येतं. उघडे पडले तर तासाभरात लोंढा येतो, चिखल आणतो, दार बंद करून निघून जातो. तसंच नाल्यातली रेती-गोटे उपसून नेले, तर जो थर पाणी पितो तोच आपण ट्रॅक्टरमध्ये भरून विकला, असा त्याचा अर्थ.

ठेव कोणाची?

आता माझ्या विषयाकडे येतो. वैशेषिकांनी पृथ्वीचे दोन प्रकार मानले : परमाणुरूपाने ती नित्य, कार्यरूपाने अनित्य. डोंगर हे कार्य आहे, ते जाणार. सातपुडा झिजतोच आहे, आणि बझाडा म्हणजे आडवा झालेला सातपुडाच. त्यात दुःख करण्यासारखं काही नाही. पण अनित्य आहे म्हणून कसंही वापरावं, हे काही त्यातून निघत नाही. लाख वर्षांनी झिजणारा डोंगर आणि चाळीस वर्षांत रिकामा होणारा पाणथर, दोन्ही अनित्यच. फरक एवढा, की पहिल्याला आपण जबाबदार नाही, दुसऱ्याला आहोत.

आपल्या दीपनगरात हे रोज दिसतं. इथल्या भट्टीत जो दगडी कोळसा जळतो, तो पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या जंगलांचा, दक्खनच्या लाव्हाच्याही कितीतरी आधीचा. त्या जंगलांनी साठवलेलं ऊन आपण आज विजेत बदलतो, आणि त्याच विजेवर पायथ्याची मोटार चालते. म्हणजे एका ठेवीतून पैसा काढून दुसऱ्या ठेवीचं कुलूप उघडायचं. वीज नको असं मी म्हणणार नाही. या वसाहतीची चूल तिच्यावर पेटली, कित्येक मुलं त्यावर शिकली. म्हणायचं एवढंच, की खर्चाची नोंद ठेवा.

आपल्या धर्मशास्त्रात निक्षेप, म्हणजे विश्वासाने दिलेली ठेव, हा स्वतंत्र विषय आहे. ठेव ठेवून घेणाऱ्याला ती वापरून संपवण्याचा अधिकार नसतो. मालकी वेगळी, ठेव वेगळी. शेताचा सातबारा माझ्या नावावर असतो. पण पाचशे फुटांखालून जे पाणी येतं, ते माझ्या सातबाऱ्यात पडलेलं नाही. ते वर पडलं, दुसऱ्या कोणाच्या तरी पावलांखाली मुरलं. सातपुड्यात पावरा, बारेला, तडवी ही माणसं राहतात. त्यांच्या उतारावर झाड राहिलं तर खालची केळी राहणार. पण झाड राखण्याची जबाबदारी वरच्याची आणि पिकाचा पैसा खालच्याचा, असा हिशेब किती दिवस चालेल? केळीच्या घडामागे काही पैसे वरच्या उताराच्या राखणीसाठी गेले, तर ते दान ठरणार नाही. त्याला आपण देणं म्हणतो.

निसर्गसौंदर्याबद्दल शेवटचं बोलतो. पाल, मनुदेवी, तोरणमाळ इथे आपण पावसाळ्यात जातो, धबधब्यापुढे फोटो काढतो. जरूर जावं. पण पुढच्या वेळी धबधब्याखालून नाल्याच्या कडेने थोडं खाली चाला. गोटे लहान होत जातात ते पाहा. पाणी कुठे पातळ होतं, कुठे नाहीसं होतं ती जागा शोधा. पाणी गढूळ आहे की निवळ, ते ओंजळीत घेऊन पाहा. त्यावरून वर काय चाललं आहे ते तुम्हाला कळेल, आणि खाली पाच-दहा वर्षांनी काय होणार तेही. पहिलं शेषवत् अनुमान, दुसरं पूर्ववत्. नैयायिकांनी दोन्ही शिकवून ठेवली आहेत, वापरायची आपण.

प्रश्न असतील तर जरूर विचारा, विशेषतः बझाड्यात ज्यांची शेती आहे त्यांनी. त्यांच्या ट्यूबवेलचा फुटांचा हिशेब माझ्या पुस्तकांपेक्षा ताजा असणार.